वार्निश वाळतंय

पुणतांब्यात कानिफनाथ मिस्त्रीचं दुकान कुणाला विचारावं लागत नसे. स्टेशनाकडून गावात शिरलं की वार्निशाचा उग्र वास नाकात बसायचा आणि त्या वासाच्या मागं चालत गेलं की माणूस आपोआप त्याच्या दारात. दारात विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी ओळीनं मांडलेल्या, दवाखान्याबाहेर म्हाताऱ्या बसतात तशा. प्रत्येकीच्या गळ्यात सुतळीनं पत्र्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर खिळ्यानं कोरलेलं मालकाचं नाव. आत कानिफ. चाळिशी उलटलेला, काटकुळा, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिथं दोरा, आणि बोटांची टोकं वार्निशानं कायमची तपकिरी झालेली. जेवताना भागिरथीला, म्हणजे त्याच्या बायकोला, रोज वाटायचं की हा हात न धुताच बसलाय.

पुढं जाण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर तुमचाही गोजरबाईसारखा घोटाळा व्हायचा. आमच्याकडं विहिरीवर बसून पाणी उपसते तीही मोटर आणि रस्त्यावर धूळ उडवत पळते तीही मोटर. शिकलेली माणसं पळणारीला एक काना जास्त देऊन 'मोटार' लिहितात, पण तो काना कुणाच्या तोंडात टिकत नाही. कागदावरचा फरक कागदावरच राहतो. त्या एका कान्यापायी कानिफ मिस्त्रीची मान जी खाली गेली, ती पुरती वर आली असं मी तरी ऐकलेलं नाही.

मिस्त्रीचा हात चांगला होता, यात वाद नाही. जळालेली मोटर 'भरावी' तर त्यानंच. आतली करपलेली तार कापून काढायची, खाचांमध्ये नवा कागद बसवायचा, नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी हातानं गुंडाळून एकेक खाचेत निजवायची, फितीनं बांधायची, वर वार्निश ओतायचं आणि उन्हात वाळवायचं. भरलेली मोटर विहिरीवर अशी गुणगुणायची की शेजारचा शेतकरी आपली चांगली मोटर जळायची वाट बघायचा. खोट होती ती एवढीच की माणूस वेळेचा नव्हता. आता वेळेचा कारागीर तुम्ही तरी कुठं पाहिलाय? शिंप्याकडं जा, त्याची काजं-बटणं राहिलेली असतात. सोनाराकडं जा, त्याला उजळा द्यायचा असतो. तसं कानिफचं एक ठरलेलं वाक्य होतं. मोटर अजून उघडलेलीसुद्धा नसली तरी तो चष्म्यावरून बघत म्हणायचा, "होत आली. वार्निश वाळतंय."

लोक हसायचे आणि परत जायचे. हे वाक्य कुणाला खोटं वाटत नसे, खरंही वाटत नसे. ते आपलं रामरामासारखं होतं.

मग आला त्र्याहत्तरचा उन्हाळा. आदल्या साली पावसानं पाठ फिरवलेली. गोदावरीच्या पात्रात पोरं गोट्या खेळत होती. रेशनवर अमेरिकेचा लाल जोंधळा, मिलो, मिळायचा, आणि आबासाहेब गिरणीवाला तो दळताना तोंडाला फडकं बांधून त्याच्या वासाला शिव्या द्यायचा. निम्मा गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर, दुपारी सरकारी वाटपाची सुकडी खाऊन. त्यातच रंगनाथ होता, गोजरबाईचा नवरा. पाटाच्या कडेला त्यांची मोसंबीची बाग. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं, आणि यंदा पहिल्यांदाच नीट बहर धरलेला. पण विहिरीनं तळ गाठला होता. सगळी भिस्त एका गोष्टीवर होती. पाटाला उन्हाळ्याची एकच पाळी सुटणार होती. पाट वाहू लागला की कडेच्या विहिरींना पाझर लागतो. पाट बंद झाला की तो पाझर आटतो. मधल्या थोड्या दिवसांत जेवढं उपसाल तेवढं तुमचं.

आणि नेमकी तेव्हाच गोजरबाईची मोटर जळाली.

दिराची बैलगाडी मागून तिनं मोटर मिस्त्रीच्या दारात आणून टाकली. रंगनाथ कामावरून निरोप देऊन बसला होता की कोपरगावला नेऊ नकोस, मिस्त्रीच भरील.

"कानिफभाऊ, पाट सुटायच्या आत पायजे," ती म्हणाली. "मागनं दिली तर ठेवायला जागा न्हाई माज्याकडं."

"वहिनी, पाट सुटायच्या आत मोटर इहिरीवर. शब्द दिला."

आणि मिस्त्रीनं त्याच दिवशी कामाला हात घातला, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. जळकी तार कापून काढली. खाचा घासून साफ केल्या. नवा कागद बसवला. तांब्याची तार घरात होती, मोठं रीळ होतं. आता फक्त वेटोळी गुंडाळायची. आणि तिथं ते खोकं आडवं आलं.

खोक्याची हकिगत अशी. जवळच्या एका साखर कारखान्यावर नवी यंत्रं बसवायला परदेशातून एक गोरा साहेब आला होता. त्याच्या मडमेचा टेबलपंखा कानिफनं भरून दिला होता. काम संपल्यावर साहेब आपल्या देशी निघाला, तेव्हा मडमेनं सामान वाटून टाकलं. स्वैपाक्याला भांडी मिळाली, माळ्याला खुर्ची मिळाली आणि कानिफला मिळालं एक खोकं. आत प्लास्टिकच्या लाल-पांढऱ्या विटा. बोटाच्या पेराएवढ्या, डोक्यावर टिकल्यांसारखे उंचवटे, पोटातून पोकळ. एकीवर दुसरी ठेवून दाबली की टच्च बसायची आणि ओढली की टच्च निघायची. सोबत रबरी टायरांची चाकं, दातेरी चाकं, आणि तळाशी चुन्याच्या डबीएवढी एक मोटर. मडमेनं खुणेनं सांगितलं की ती जळालेली आहे.

मडमेनं हे सांगायला नको होतं. जळालेली मोटर बघितली की कानिफच्या बोटांना खाज सुटायची. एवढीशी मोटर तर त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

भागिरथीला त्यानं सांगितलं, नातवासाठी ठेवतोय. राहुरीला दिलेल्या लेकीला दिवस गेले होते. भागिरथीनं खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "नातू अजून पोटात हाय, अन् आजा आधीच खेळाया बसला."

पहिले काही दिवस तो दुपारी, गिऱ्हाईक नसताना, पडद्याआड बसायचा. ती चुन्याच्या डबीएवढी मोटर त्यानं केसासारखी तार वापरून भरली. चालली, पण मंद. मग पुन्हा उकलली. तार जरा जाड घेतली, वेढे कमी केले. दोन सेल लावल्याबरोबर ती अशी किंचाळली की बाहेरचं मांजर उठून गेलं. त्या किंचाळीनं मिस्त्रीच्या तोंडावर जे हसू आलं ते भागिरथीनं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं नाही. माझ्यासाठी कधी असं हसू आलं नाही, असं ती पुढं शेजारच्या रंगुबाईला म्हणाली. रंगुबाईला सांगणं म्हणजे दवंडी देणं, हे पुढं येईलच.

मग मोटर झाली, आता मोटार पाहिजे. कानिफनं पहिल्यांदा विटांची मोठी यष्टी बांधली, खिडक्या-दारांसकट. ती जड झाली आणि गोगलगायीसारखी सरकली. मग छप्पर काढलं. मग भिंती काढल्या. शेवटी उरला विटांचा एक चपटा पाट, त्यावर मोटर, मागं सेल, पुढं दोन विटांचं नाक. मोठं दातेरी चाक मोटरीकडं, छोटं चाकाच्या आसाकडं. आता ती पळायची, पण जागची हलायला धक्का मागायची. कोपरगाव डेपोच्या गाडीवर गेलीय, असं मिस्त्री स्वतःशीच म्हणाला आणि खूश झाला. जोरात गेली की थरथरून विटा टच्च टच्च सुटायच्या. तेव्हा त्यानं सांध्यांना फीत गुंडाळली. वेटोळ्यांना बांधायची तीच फीत. फळीवरचं ते रीळ गोजरबाईच्या मोटरीसाठी काढून ठेवलेलं होतं. फितीवर वार्निश लावलं आणि गाडी दारात उन्हाला ठेवली.

त्याच वेळी गोजरबाई आली.

"झाली का मोटर, कानिफभाऊ?"

"होत आली. वार्निश वाळतंय."

बघा, जन्मात पहिल्यांदा हे वाक्य खरं होतं.

गोजरबाईची मोटर आत पोत्याखाली होती, पोटात नुसता कागद. त्या पोत्याकडं कानिफ तेव्हापासून बघेनासा झाला. पाणी प्यायला उठला तरी दुसऱ्या बाजूनं वळसा घालायचा. उद्या बसतो, असं रोज ठरवायचा. आणि रोज त्या गाडीत काहीतरी एवढंसं राहिलेलं असायचं. मागची चाकं घसरत होती, म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर चढवायचं होतं. मधला भाग जड झाला होता, एक वीट कमी करायची होती. तुम्ही कधी अशा गोष्टीत अडकला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, आणि अडकला नसाल तर तुम्ही भले माणूस.

गोष्ट बाहेर फुटली ती आबासाहेबामुळं. गिरणीची मोटर गरम होते म्हणून तो मिस्त्रीला बोलवायला आला आणि पडदा सारून बघतो तर मिस्त्री पालथा पडलेला, गाल जमिनीला टेकून चाकांच्या खाली बघतोय.

"कानफ्या, काय हारपलं रं?"

कानिफ दचकून उठला. लपवायला उशीर झाला होता. मग माणूस जे करतो तेच त्यानं केलं, फुशारकी मारली. "मोटार हाय. विटांची. तुज्या पायापुढं पळंल."

आबासाहेबानं ती उचलून वास घेतला आणि मिलोला मुरडायचा तसं नाक मुरडलं. "इटांचं तुळशीवृंदावन होतं, मिस्त्री. मोटार न्हाई होत."

"पैज?"

"चल. सोसायटीच्या गोदामात. बाजारच्या दिवशी. म्या सोता पळतो."

आबासाहेब पळणार ही बातमी मोटारीपेक्षा मोठी होती. त्याला पळताना पाहिलेलं गावात कुणी हयात नव्हतं. त्या कोरड्या वर्षात हसायला काही नव्हतं, म्हणून लोकांनी ही गोष्ट सणासारखी धरली. सोसायटीचं गोदाम रिकामंच होतं, जमीन कोबा केलेली, गुळगुळीत.

आणि त्याच आठवड्यात पाट सुटला.

गोजरबाई धापा टाकत आली. पदरानं तोंड पुसत उंबऱ्यात उभी राहिली. "पाट सुटला, कानिफभाऊ. इहिरीला पाझर लागलाय. कडं भिजलीत."

शब्द दिला होता तो दिवस कानिफच्या डोळ्यांसमोर आला. त्या क्षणी तो म्हणाला असता, वहिनी, तार अजून भरलीच नाही, आता बसतो आणि तुमच्या समोर भरतो, तर गोष्ट इथंच संपली असती आणि मला दुसरा कुणी शोधावा लागला असता. पण जीभ आपल्या वळणावर गेली.

"झालीच, वहिनी. वार्निश वाळतंय. बाजार झाला की न्या."

"नक्की?"

"नक्की."

ती गेली. तो पोत्यापाशी गेला, पोतं उचललं, आत पाहिलं. खाचांतला कोरा कागद त्याच्याकडं बघत होता. पैज झाली की त्याच पावली बसायचं, असं त्यानं ठरवलं. मोठ्या मोटरीच्या तारेचं रीळ बाहेर काढून बाकावरसुद्धा ठेवलं. मग उरलेली फीत घेतली आणि गाडीच्या नाकाला अजून एक वेढा दिला.

बाजारच्या दिवशी गोदामात ही गर्दी. एका टोकाला रिकामी पोती रचलेली, गाडी आपटून फुटू नये म्हणून. दुसऱ्या टोकाला कानिफ गुडघ्यावर बसलेला. आबासाहेबानं धोतराचा काचा मारला, पायातले जोडे काढून एकाच्या हातात दिले, टोपी दुसऱ्याच्या. कुणीतरी म्हणालं, "आबा, पोट बी कुणाकडं तरी द्या." आबा म्हणाला, "ते पुढं पळणार हाय, मी मागनं येतो."

कानिफनं तार जोडली. गाडी किंचाळली. त्यानं बोटानं धक्का दिला आणि सोडली.

मी आबासाहेबाचा मान राखून एवढंच सांगतो की तो पळाला. पण ती लाल-पांढरी पट्टी कोब्यावरून अशी सुटली की नजर मागं राहिली. आबासाहेब निम्म्यात होता तेव्हा ती पोत्यांत घुसून उलटीसुद्धा झाली होती, चाकं वर करून गरगरत. लोकांनी असा गलका केला की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आबासाहेब खांबाला धरून हसत आणि खोकत होता. "हारलो, मिस्त्री. इटांनी हारवलं." कुणी कानिफच्या पाठीवर थापा मारत होतं. त्याच्या मोडक्या काडीचा चष्मा नाकाच्या टोकाला आला होता आणि तो ओढायचंही भान त्याला नव्हतं.

मग दाराकडची माणसं बाजूला सरू लागली. गलका दाराकडून आतल्या बाजूला हळूहळू बंद होत गेला.

दारात गोजरबाई उभी होती. बाहेर दिराची बैलगाडी, मोटर ठेवायला खाली पाचट अंथरलेलं. गोजरबाईच्या हातात ताटली होती. ताटलीत हळद-कुंकू, नारळ आणि गुळाचा खडा. भरलेली मोटर विहिरीत उतरवण्याआधी पूजा करायची रीतच आहे. झालं होतं असं की रंगुबाईनं बाजारात तिला गाठून सांगितलं होतं, कानिफची मोटर झाली गं, सोसायटीच्या गोदामात चालवून दावतोय सगळ्यांला, लई जोरात हाय म्हणत्यात. गोजरबाईला वाटलं, मिस्त्री शब्दाला जागला. ती भाजी तिथंच टाकून घरी पळाली, ताटली घेतली, गाडी जुंपायला लावली.

"कुठंय मोटर?" तिनं हसतच विचारलं.

पोत्यांत ती उलटी पडलेली गाडी तेवढी किंचाळत होती. तिचा आवाज आता कानाला लागत होता. कानिफ धावत गेला, ती उचलली, तार ओढायला बघू लागला. पण सांध्यांना त्यानं फीत इतकी पक्की गुंडाळली होती की तारेचं टोकच हाताला येईना. हातात ती किंचाळणारी गोष्ट धरून तो सगळ्या गावासमोर तिच्यापुढं उभा राहिला.

गोजरबाईनं गाडीकडं पाहिलं. मग गुंडाळलेल्या फितीकडं पाहिलं. ती फीत ओळखायला ती काही मिस्त्री नव्हती. पण दुकानाच्या उंबऱ्यात इतक्या वेळा उभी राहिली होती की फळीवरचं ते पांढरं रीळ तिच्या ओळखीचं झालं होतं.

"ही मोटर झाली व्हय," ती म्हणाली.

"वहिनी, तुमची बी..."

"या उन्हात माजी बाग वाळली, कानिफभाऊ. तुमचं वार्निश तेवढं वाळंना."

ती हे ओरडून बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या बाईला उत्तर द्यायला गाव तयार असतं. ती पुढं आली. ताटलीतलं कुंकू चिमटीत घेतलं आणि त्या गाडीच्या नाकावर, दोन विटांच्या टिकल्यांवर लावलं. थोडी हळद लावली. गुळाचा खडा त्याच्या मोकळ्या तळव्यावर ठेवला.

"आणलंच हाय तर परत कशाला न्यायचं," ती म्हणाली, आणि नारळ न फोडता ताटली घेऊन निघून गेली. बैलगाडीतलं पाचट तसंच. रिकामी गाडी खडखडत गेली तो आवाज गोदामात बराच वेळ येत होता. आबासाहेबानं जोडे घातले, टोपी मागून घेतली आणि कुणाकडं न बघता गिरणीकडं गेला.

कानिफ दुकानात आला. पोतं उचललं. आणि भरायला बसला.

त्यानंतर त्यानं जे काम केलं तसं काम त्याच्या हातून आधी झालं नव्हतं, असं भागिरथी सांगते. तो जेवला तो बाकावरच, तपकिरी बोटांनी. फीत कमी पडली. ती गाडीवरून उलगडून काढावी लागली. गाडीवरची वार्निश लागलेली ती चिकट फीत सोडवताना भागिरथी दारात उभी होती. वार्निश ओतलं, मोटर उन्हात ठेवली. त्या उन्हाळ्यात वार्निश एका दुपारीत वाळलं.

तोवर पाट बंद झाला होता.

मोटर घेऊन तो स्वतः बागेत गेला. नारळ त्यानंच आणला, त्यानंच फोडला. गोजरबाई बांधावर बसली होती, उठली नाही. मोटर बसवली, बटण दाबलं. काय गुणगुणली ती. वेटोळी अशी बसली होती की विहिरीच्या कडेवर पैसा उभा ठेवला तर पडला नसता. पाइपातून पाण्याचा लोट आला, बागेतल्या चरात पसरला, पहिल्या सरीतल्या झाडांच्या आळ्यात पोचला. मग पाइपानं गुळणी केल्यासारखा आवाज केला. मग नुसती हवा. विहिरीत चिखल उरला होता.

मोटर मात्र सुरेख चालली होती. बटण बंद करायला कानिफचा हात उचलेना. वाईट चालली असती, धूर काढून जळाली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. खालच्या सरीतल्या झाडांची पानं आत वळून द्रोणासारखी झाली होती. बोरांएवढी मोसंबी गळून झाडाखाली पडली होती, वाळून काळी झालेली.

"वरची सर जगंल," गोजरबाई बांधावरून म्हणाली. "खालची गेली."

आता खरी गोष्ट ऐका. दुष्काळी कामाला सुट्टी मिळाली तेव्हा रंगनाथ घरी आला. त्यानं बाग बघितली आणि कानिफला निरोप पाठवला, बागेत या. मिस्त्रीला वाटलं, आता माझी हाडं मोजली जाणार. मनातून तो त्याला तयार होता, खरं तर त्याला तेच हवं होतं. तो गेला. रंगनाथ बांधावर बसला होता, खडी फोडून हाताला फडकी गुंडाळलेली.

"बसा, मिस्त्री. ही सांगत हुती, तार मिळंना नगरवरनं. तरी तुमी लई खटपट केली म्हणं. उपकार झाले."

कानिफनं गोजरबाईकडं पाहिलं. ती चुलीपाशी पाठमोरी बसून फुंकणीनं जाळ करत होती. तिनं नवऱ्यापुढं कानिफचं नाव खाली जाऊ दिलं नव्हतं. गप्प बसलं तर सुटका होती. मान हलवायची, चहा प्यायचा आणि घरी जायचं. तार मिळत नव्हती, हे वाक्य जणू तिनं त्याच्यासाठी शिवून आणलं होतं, अंगात घालायचं तेवढं बाकी होतं.

पण ते त्याला घालवेना. कान तापले होते, नजर चपलांवर.

"तार घरातच हुती," तो म्हणाला. "पैल्या दिवसापासनं. मी खेळत बसलो, रंगनाथ. खेळण्यातली मोटार करत बसलो."

फुंकणीचा आवाज थांबला.

रंगनाथ फडक्याची गाठ दातानं ओढत होता. ती नीट बसल्यावर तो म्हणाला, "म्हाईताय."

"काय?"

"खडी फोडायला सगळा गाव हाय तिकडं. तुमची मोटार पोत्यात घुसायच्या आत बातमी आमच्याकडं पोचली. आबासाहेब निम्म्यात हुता म्हणं तवा." त्याच्या तोंडावर हसू यायला निघालं आणि बागेकडं नजर गेल्यावर परत गेलं. "ही म्हणली तार मिळंना, मग मी बी म्हणलं तार मिळंना. सांगायचं का न्हाई ते तुमच्यावर हुतं."

म्हणजे नवऱ्याला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे, गावाला सगळंच ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी मिळून मिस्त्रीसाठी एक वाक्य रिकामं ठेवलं होतं. मार खाल्ल्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं. तो उठायला लागला तेव्हा गोजरबाईनं पुढं चहाची बशी सरकवली.

"प्या. पाणी चिखलाचंय, गाळून घेतलंय."

तो प्यायला. दाताखाली रेती आली, तीही गिळली.

खोकं राहुरीला गेलं, नातू झाला तेव्हा. दोन विटा तेवढ्या कमी होत्या, त्या कानिफनं ठेवून घेतल्या. कुंकू त्यांच्या टिकल्यांभोवतीच्या खाचेत बसलं होतं, घासून निघालं नाही, आणि निघालं नाही हे बरं की वाईट ते त्याचं त्यालाच ठाऊक. लोक त्याला 'मोटारवाला मिस्त्री' म्हणायला लागले. तो हसायचा, आणि हसताना कान लाल व्हायचे. 'होत आली' हे वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकलं नाही. राहात्याचा एखादा नवा गिऱ्हाईक विचारायचा, "मिस्त्री, कुठवर आली?" आणि मिस्त्री सरळ सांगायचा, "अजून उघडली न्हाई. गुरवारी बसंन." असं तोंडावर खरं सांगणारा कारागीर लोकांना पचायचा नाही. कितीक जण रागानं कोपरगावला गेले.

गोजरबाई कुठं गेली नाही. वरच्या सरीच्या जिवावर त्यांनी बाग पुन्हा उभी केली, आणि विजेच्या खेळात तिची मोटर आणखी दोनदा जळाली. दोन्ही वेळा तिनं ती गाडीत घालून मिस्त्रीच्या दारात उतरवली. पण 'झाली का' असं तिनं त्याला कधी विचारलं नाही. टाकायची आणि निघायची.

ते न विचारणं कानिफला सोसायचं नाही. म्हणून मोटर दुकानात असेपर्यंत तो रोज दुपारी टोपी घालून, उन्हातान्हात, तिच्या बागेपर्यंत चालत जायचा. बांधाबाहेर उभा राहायचा आणि सांगायचा, "आज नुसती खोललीय, वहिनी. तार कापून काढलीय. कागद उद्या."

पहिल्या वेळेला गोजरबाई खुरपं थांबवून त्याच्याकडं बघत राहिली.

"मी इचारलं का, कानिफभाऊ?"

"न्हाई," कानिफ म्हणाला. "म्हणून तर आलो."